निजायच्या खोलीतला स्टुडिओ

लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागातलं एक साधं घर. बेडरूम दोनच. दोन्ही मुलांना देऊन आईवडील हॉलमध्ये झोपायचे. यातल्या एका खोलीत फिनियस नावाच्या मुलाने आपल्या बँडसाठी एक गाणं लिहिलं होतं. धाकट्या बहिणीच्या नृत्यशिक्षकांना नाच बसवायला गाणं हवं होतं, म्हणून त्याने ते तिच्याकडून गाऊन घेतलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये दोघांनी ते साउंडक्लाउडवर टाकलं. गाणं ‘ओशन आईज’. भाऊ अठरा वर्षांचा, बहीण तेरा. तिचं नाव बिली आयलिश.

पुढे २०१९ मध्ये तिचा पहिला अल्बम आला, तोही बहुतांशी याच घरातल्या बेडरूममध्ये केलेला. २०२० च्या जानेवारीत ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार एकाच रात्री तिला मिळाले. पण पुरस्कारांचं राहू द्या. मला चक्रावून टाकतं ते हे, की ही मुलगी जवळजवळ पुटपुटत गाते. हे पुटपुटणं जगभर पोचलं कसं?

जरा मागे जाऊ. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरवलं, तेव्हा माइक नावाची वस्तू तिथे नव्हतीच. एका कर्ण्यात तोंड घालून खणखणीत आवाजात गायचं, आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ कोरणार. हळुवार गाणाऱ्याची तिथे डाळ शिजणं शक्य नव्हतं. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि मगच कुजबुजीला गाण्यात जागा मिळाली.

आता आजच्या कंडेन्सर माइकच्या पोटात डोकवा. आत प्लॅस्टिकची ताणलेली चकती असते. केसाच्या दहाव्या हिश्शाहून पातळ, आणि त्यावर चक्क सोन्याचा मुलामा! मागे जवळच एक धातूची प्लेट. तुम्ही श्वास सोडलात तरी चकती थरथरते, दोघींमधलं अंतर कणभर बदलतं आणि त्याबरोबर विजेचा दाबही बदलतो. गाण्याची वीज होते ती अशी.

आणि घरातल्या गोंगाटाचं काय? तोंड माइकपासून वीस इंचांवरून दोन इंचांवर आणा, आवाजाचा दाब सुमारे दहापट होतो. रस्त्यावरचा हॉर्न मात्र होता तेवढाच राहतो, म्हणजे तुलनेने तो दहापट मागे पडला! यात आणखी एक गंमत आहे. गाण्यासाठी सहसा वापरतात तो माइक पुढून आणि मागून येणाऱ्या दाबातला फरक ‘ऐकतो’. गायक अगदी जवळ आला की हा फरक खालच्या सुरांमध्ये सगळ्यात जास्त फुगतो, म्हणून आवाजाला आपोआप खर्ज चढतो. तेरा वर्षांच्या मुलीचा आवाजही कानाशी बोलल्यासारखा भारदस्त वाटायला लागतो.

पुढचं काम संगणकाचं. तो या विजेचं माप सहसा दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो. हा विचित्र आकडा कुठून आला? माणसाला फार तर सेकंदाला वीस हजार कंपनं ऐकू येतात, आणि ती पकडायला निदान दुप्पट मापं लागतात. पण बरोबर ४४,१००च का? कारण सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरायचे. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मापं, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. करा गुणाकार! टीव्हीच्या त्या जुन्या हिशोबाची छाप आजही सीडीवरच्या प्रत्येक गाण्यावर आहे.

एकदा आवाजाचे आकडे झाले, की ते कापता येतात, जोडता येतात. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची, एका खेपेतला शब्द, दुसरीतला उसासा उचलायचा आणि गोधडीसारखं सगळं शिवून टाकायचं. वर तीच ओळ आणखी दोनदा गाऊन एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला द्यायची. माणूस तीच ओळ दोनदा हुबेहूब गाऊच शकत नाही. त्या बारीक फरकांमुळे आवाज दाट होतो. यंत्राने नुसती नक्कल करून दोन्हीकडे लावली, तर हा दाटपणा येत नाही. माणसाचं अडखळणं इथे कामी येतं, हे मला फार आवडतं.

या भावंडांनी तर घराबाहेरचे आवाजही सोडले नाहीत. ‘बरी अ फ्रेंड’ या गाण्यात दंतवैद्याचं ड्रिल आहे आणि ‘बॅड गाय’मध्ये सिडनीच्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी वाजणारा सिग्नल.

तुमच्या घरात कुणी गाणारं असेल, तर या रविवारी फोनवरच करून बघा. पंखा बंद करा, पाठीमागे भिंतीला गादी उभी करा, फोन वीतभर अंतरावर धरा आणि हळू गा. गोदरेजच्या कपाटासमोर तेवढं उभं राहू नका, पत्रा घुमतो.