हे वाजवले कोणी?

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते आणि आमच्या सातपाटीच्या किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवल्या जातात. पुढचे दोन महिने समुद्र आपला नसतो. मग ओट्या-ओट्यांवर जाळी पसरली जातात आणि फाटलेली जाळी शिवता शिवता माणसे बोलत राहतात. आमच्या ओट्यावर बोलण्याचा विषय ठरलेला असतो. माझे मामा बोईसरला कारखान्यात कामाला आहेत आणि लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात. ते आले की मोबाईलवर राहुल देव बर्मन यांची गाणी सुरू होतात आणि वादाला तोंड फुटते.

“हा सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा.”

“कशावरून?”

“फुंकीवरून. दुसरा कोणी असा सूर सोडत नाही.”

“तुम्ही होता का तिथे?”

माझे वडील खलाशी. त्यांना सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट यांतला फरक सांगता येणार नाही, पण “कशावरून?” हा प्रश्न नेहमी तेच विचारतात. २७ जून हा राहुल देव बर्मन यांचा जन्मदिवस. तो बरोबर बंदीच्या काळात येतो, म्हणून आमच्याकडे तो न ठरवताच साजरा होतो. लहानपणी मला हे सारे रिकामपणचे उद्योग वाटत. महाविद्यालयात येऊन इतिहासाचा अभ्यास सुरू केला, तेव्हा कळले की ओट्यावरची ही माणसे एक फार मोठे काम करीत आहेत. ते कोणते, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न करणार आहे. मी संगीताचा जाणकार नाही. जाणकारांनी चुकभूल पोटात घालावी.

प्रथम हे संगीत म्हणजे काय ते पाहू. जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात ते आकाराला आले. ठरलेली चाल सर्वांनी मिळून वाजवायची आणि मग एकेकाने त्या चालीवर आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करायचा, हा त्याचा गाभा. आपल्या मैफलीतील आलाप-तानांशी त्याचे दूरचे नाते लावता येईल. साठीच्या दशकात जेम्स ब्राउन यांनी फंक नावाचा प्रकार रूढ केला. त्यात चालीपेक्षा ठेका मोठा. मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर सर्वांनी मिळून घाव घालायचा आणि मधल्या जागा गिटार, ढोल, बास यांनी तिरक्या आघातांनी भरायच्या. तबलजी समेवर येतो तेव्हा श्रोत्यांची मान आपोआप हलते ना? फंकचे सारे बळ त्या समेत आहे. सत्तरच्या सुमारास जाझची मोकळीक आणि फंकचा ठेका एकत्र आले, त्याला जाझ-फंक म्हणतात. हर्बी हॅनकॉक यांची १९७३ची ‘हेड हंटर्स’ ही तबकडी त्याचा प्रसिद्ध नमुना होय.

आता कोणी विचारील की अमेरिकेतली ही गोष्ट सातपाटीच्या ओट्यावर आली कशी? ती मुंबईमार्गे आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचे कृष्णवर्णीय वादकांचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होते. ते संगीत उचलले गोव्याच्या वादकांनी. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवीत, त्यामुळे पोटासाठी मुंबईत आलेल्या या तरुणांच्या हाती एक विद्या होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली, क्लब ओस पडले आणि हे वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. आपल्या पुणतांब्याचे चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट यांचे पथक पडद्यावरच दिसते. चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ. मराठी संगीतकाराची चाल, गोव्याचा ट्रम्पेट आणि अमेरिकेचा ठेका असा तो संगम होता.

राहुल देव बर्मन यांनी हा संगम पुढे नेला. पंचम हे त्यांचे घरगुती नाव. १९६१च्या ‘छोटे नवाब’पासून ते स्वतंत्र संगीतकार झाले आणि १९६६च्या ‘तीसरी मंज़िल’ने त्यांचे नाव घरोघर पोहोचले. परंतु माझ्या मते त्यांची खरी कमाई म्हणजे त्यांनी जमवलेली माणसे. कोलकात्याहून आलेले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग, बासू चक्रवर्ती आणि तालवाद्यांचे मारुतीराव कीर हे त्यांचे तीन प्रमुख साहाय्यक. मारुतीराव आपल्या मातीतले. रेसो-रेसो नावाचे खरखर आवाज करणारे वाद्य वाजवणारे अमृतराव काटकर हेही मराठीच. केरसी लॉर्ड पारशी. गिटार आणि माउथऑर्गन वाजवणारे भानू गुप्ता बंगाली. मादल वाजवणारे रणजित गजमेर नेपाळी. एका खोलीत एवढ्या भाषा आणि एवढे धर्म, आणि सगळे एका समेवर! हा काही नावाने ओळखला जाणारा बँड नव्हता. पण आज जगभरचे चाहते ज्याला पंचमचा बँड म्हणतात तो हाच.

या मंडळींनी आवाजाचा शोध कुठेकुठे घेतला ते ऐकले की गंमत वाटते. १९७३च्या ‘यादों की बारात’मधील एका गाण्याचा आरंभ पेल्यावर चमचा वाजवून केलेला आहे. १९७५च्या ‘खुशबू’मधील नावाड्याच्या गाण्यात कमीजास्त पाणी भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारून आवाज काढला आहे. हे मामांनी सांगितले तेव्हा वडील पहिल्यांदाच वाद न घालता म्हणाले, “होडीच्या बुडाखाली पाणी असेच बोलते.” माझ्या ऐकण्यात आलेले ते सर्वांत चांगले संगीतपरीक्षण आहे!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ओट्यावर वाद का होतो? कारण उत्तर कुठे लिहिलेले नाही. जुनी तबकडी हातात घेऊन पाहा. चित्रपटाचे नाव आहे, गायक आहे, संगीतकार आहे, गीतकार आहे. पण वाजवणारा नाही. चित्रपटाच्या आरंभी साहाय्यकांची नावे क्षणभर झळकून जातात; उरलेल्या पन्नास-साठ वादकांचा पत्ताच नाही. वादक ध्वनिमुद्रणाला यायचा, समोर ठेवलेले कागद वाजवायचा, पाळीचे पैसे घ्यायचा आणि दुसऱ्या स्टुडिओत जायचा. संध्याकाळपर्यंत आपण कोणत्या चित्रपटासाठी वाजवले हेही पुष्कळदा त्याला ठाऊक नसे. वादकांनी आपापसांत मात्र एकमेकांची आठवण ठेवली. शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक दत्ताराम वाडकर यांनी ढोलकीवर जो ठेका रूढ केला, त्याला वादकांच्या जगात ‘दत्ताराम ठेका’ असेच म्हणतात. पडद्यावर न आलेले नाव ठेक्यात राहिले.

इथे चाहत्यांचे काम सुरू होते. पूर्वी श्रोते रेडिओ सिलोनला पत्रे लिहीत. १९५२ साली सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’च्या क्रमांकांसाठी श्रोत्यांचे संघ निघाले. पण त्या साऱ्यांचा प्रश्न ‘कोणते गाणे वर?’ असा होता. पंचमच्या चाहत्यांनी प्रश्नच बदलला. त्यांचा प्रश्न असा की हे वाजवले कोणी? एकाने गाणे ऐकायचे आणि अंदाज सांगायचा. दुसऱ्याने शंका काढायची. तिसऱ्याने एखादा वृद्ध वादक गाठून विचारून यायचे आणि बातमी सर्वांना द्यायची. अशा देवाणघेवाणीतून हळूहळू नावे जुळत गेली. ‘दम मारो दम’च्या आरंभीची गिटार गायक भूपिंदर सिंग यांची आणि ‘शोले’त अमिताभ पडद्यावर वाजवतो तो माउथऑर्गन भानू गुप्ता यांचा, हे आज आपण सहज सांगतो, त्यामागे अशी विचारपूस आहे. पुण्यातील ‘पंचममॅजिक’ ही चाहत्यांची संस्था तर या वादकांनाच मंचावर बोलावून गाणे कसे घडले ते त्यांच्या तोंडून ऐकवते. आयुष्यभर काचेआड बसलेल्या माणसाला भरल्या नाट्यगृहाने टाळ्या वाजवाव्यात, याहून मोठा पुरस्कार कोणता?

पुढे ग्रंथकारही या कामाला लागले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ लिहिला. २०११ मध्ये अनिरुद्ध भट्टाचार्य आणि बालाजी विठ्ठल यांचे राहुल देव बर्मन यांच्यावरील पुस्तक आले. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जाझचा काळ उभा केला. हेच सारे मराठीत, मारुतीराव आणि अमृतराव यांच्या भाषेत, सविस्तर लिहिले जावे असे मला फार वाटते.

चाहत्यांच्या चिकाटीचे आणखी एक उदाहरण देतो. चरणजित सिंग हे पंचमच्या गाण्यांत बास गिटार वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग यंत्राच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. ती खपली नाही आणि विस्मृतीत गेली. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली. ऐकणारे चकित झाले, कारण शिकागोत पुढे काही वर्षांनी जन्मलेल्या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. म्हातारपणी चरणजित सिंग परदेशात कार्यक्रम करू लागले. २०१५ मध्ये ते वारले. पण निदान त्यांचे नाव त्यांच्या हयातीत त्यांना परत मिळाले.

याचा अर्थ चाहते नेहमी बरोबर असतात असा नाही. प्रेम आंधळे असते. आवडत्या वादकाच्या नावावर दुसऱ्याचे काम खपवणे, ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगणे, हे आमच्या ओट्यावरही चालते. ‘शोले’तील ‘मेहबूबा’ची चाल डेमिस रूसोस यांच्या गाण्यावरून घेतलेली आहे, हे काही चाहत्यांना आजही सांगवत नाही. मामांचे म्हणणे असे की चाल उसनी असली तरी त्या बाटलीच्या फुंकरीचे, त्या ठेक्याचे काय? ते तर घरचे आहे! मला दोन्ही बाजू पटतात. उसने ते उसने म्हणावे आणि घरचे ते घरचे म्हणावे. इतिहासाच्या तासाला आमचे सर सांगतात की तोंडी पुरावा हाही पुरावाच, पण तो दुसऱ्या पुराव्याशी ताडून घ्यावा लागतो. वडिलांचा “कशावरून?” आणि सरांचा नियम यांत मला तरी फरक दिसत नाही.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. आमच्या आळीत एक आबा होते. तरुणपणी मुंबईच्या एका स्टुडिओत, एका हिंदी गाण्यात आपण ढोलकी वाजवली, असे ते सांगत. कोणते गाणे असे विचारले की त्यांना नाव आठवत नसे. ठेका मात्र ते गुडघ्यावर वाजवून दाखवीत. सारे हसत. मीही हसलो आहे. “कागद दाखवा आबा,” असे मी त्यांना एकदा म्हणालो. तेव्हा ते गप्प बसले. दोन वर्षांपूर्वी ते वारले. आज मला कळते की कागद असणे शक्यच नव्हते. पाळीचे पैसे घेऊन घरी आलेल्या माणसाकडे कोणता कागद असणार? ते खरे बोलत होते की नाही, मला माहीत नाही. पण ‘कशावरून?’ हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. एक गप्प बसवण्यासाठी आणि दुसरा बोलते करण्यासाठी. मी पहिल्या तऱ्हेने विचारला. त्या ठेक्यावरून गाणे शोधता आले असते. निदान तो ठेका तरी टिपून ठेवता आला असता.

मनोहारी सिंग २०१० मध्ये गेले, केरसी लॉर्ड २०१६ मध्ये, भानू गुप्ता २०१८ मध्ये. पंचम तर ४ जानेवारी १९९४ रोजीच गेले. प्रत्येकाबरोबर किती उत्तरे गेली असतील! होडीवर नाखवाने ठेवलेले नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. जाळे ओढणाऱ्या खलाशांची नावे कोठेही लिहिलेली नसतात. माझ्या वडिलांना याचे वाईट वाटत नाही. “मासळी बाजारात पोहोचली की झाले,” असे ते म्हणतात. वादकांनीही बहुधा असेच म्हटले असेल. परंतु ज्याने मासळी खाल्ली त्याने तरी विचारावे की ही आणली कोणी?

म्हणून मित्रहो, आपल्या गावच्या बँडमध्ये, भजनी मंडळात, तारपा वाजवणाऱ्यांत, नाटकाच्या पेटीमागे जी वडीलधारी माणसे आहेत, त्यांच्याजवळ या सुट्टीत तासभर बसा. वही न्या. कोण वाजवत होते, कोणाकडून शिकले, तेव्हा शेजारी कोण बसले होते, एवढे तीन प्रश्न पुरेत. मी मामांपासून सुरुवात केली आहे. त्यांच्या बँडमधील जुन्या-नव्या मिळून सतरा जणांची नावे वहीत उतरली आहेत. एका क्लॅरिनेटवाल्याचे नाव मामांना आठवत नाही. जून येईल, जाळी ओट्यावर येतील, तेव्हा पुन्हा विचारीन.

(द्वितीय वर्ष, कला)