जानेवारीत पास, जूनमध्ये नापास

उन्हाळा आला की गीझर बंद करायचा आणि 'गरम' नळाच्या पाण्याने आंघोळ करायची, कारण 'गार' नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून चटके देतच खाली येतं! भारतातून आलेल्या पाहुण्यांना ही थट्टा वाटते. आपण कुवेतकर मात्र हे पहिल्याच उन्हाळ्यात शिकतो. इतकी वर्षं इथे काढून, वर इंजिनिअर म्हणवून घेऊन, हाच धडा मी घरच्या संगणकाच्या बाबतीत विसरलो आणि खापर फोडलं चिरंजीवांच्या डोक्यावर. त्याची ही कबुली.

चिरंजीव अकरावीत. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही बापलेकांनी मिळून घरीच संगणक जोडला. सुटे भाग हवल्लीतून आणले. सगळं सुरळीत चालू झालं आणि माझ्यातला जुना विद्यार्थी जागा झाला. १९९८ साली मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, तेव्हा इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला होता. मदरबोर्डचा ६६ मेगाहर्ट्झचा ठोका १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा हा पठ्ठ्या बहुतेक वेळा ४५० ने पळायचा. फुकटात दीडपट वेग! यालाच म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. होस्टेलवर ज्याच्याकडे असा संगणक, त्याची कॉलर ताठ.

"बघ, तुझा बाप काय करतो ते!" म्हणत मी बायोसमध्ये शिरलो. ४.७ गिगाहर्ट्झचा वेग ५.१ केला, त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ वर नेलं. रात्री तासभर चाचणी घेतली. पास! जानेवारीची थंडी, घरात स्वेटर. चिरंजीव खूश, मी त्याहून खूश.

मे सरला आणि संगणक मधूनच आपोआप बंद होऊन चालू व्हायला लागला. कधी निळा पडदा, आणि त्यावर दर वेळी वेगळंच कारण. मी निदान केलं, "तुझे ते गेम्स! कुठूनही काहीबाही उतरवून घेतोस." गेम्स काढायला लावले, विंडोज नव्याने टाकली, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, ड्रायव्हर बदलले, हे सगळं एकाच संध्याकाळी. उपयोग शून्य. पोरगा आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मग खरा दणका बसला. माझे वडील, आमचे अण्णा, आता नाहीत. नातवासाठी त्यांनी गावाकडच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, त्या चौदा कॅसेट मी सुट्टीत सांगलीहून संगणकावर उतरवून आणल्या होत्या. जूनमध्ये त्या सगळ्या एकत्र बांधून बहिणीला पाठवायच्या म्हणून मोठी झिप फाइल केली आणि जागा होते म्हणून मूळ फाइल्स पुसल्या. बहिणीचा फोन आला, "अरे, दोन गोष्टी उघडतच नाहीत." माझ्याकडेही उघडेनात. संगणकाने काम पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं, निळा पडदाही आला नव्हता. बंद पडणारं यंत्र निदान ओरडून सांगतं तरी. गुपचूप चुकणारं यंत्र फार वाईट!

त्या रात्री चिरंजीव म्हणाले, "बाबा, एकदा सगळं मूळ सेटिंगवर नेऊ या का? आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलू." मी गप्पच झालो. प्लँटमध्ये पंप ट्रिप झाला की नव्या पोरांना मी हेच तर बजावत असतो!

त्याने वही घातली. रकाने चार: वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, निकाल. मूळ सेटिंगवर दोन दिवस, काही तक्रार नाही. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून रॅम तपासली. एकही चूक नाही. मग फक्त माझा तो ५.१ चा वेग परत लावला आणि प्राइम९५ चालवला. हा प्रोग्रॅम प्रचंड मोठे गुणाकार करतो आणि स्वतःची उत्तरं स्वतःच ताडून पाहतो. गणित चुकलं की थांबतो. रात्री पास. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस मिनिटांत नापास. पुन्हा रात्री पास, दुपारी नापास. पाचव्या दिवशी वही माझ्यासमोर आली: खोली २९ अंशांच्या वर गेली की चूक, खाली असली की नाही.

आमचा संगणक बंद केलेल्या बाल्कनीत, पश्चिमेचं ऊन, एसीचा वारा तिथवर पोचत नाही. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करूच शकत नाही. खोली २० अंश असताना प्रोसेसर ८५ वर असेल, तर खोली ३२ झाली की तो ९७ च्या आसपास जाणार. त्यात जाळीवर धुळीच्या वादळांचा बोटभर थर! आणि सिलिकॉन तापलं की त्याच वेगासाठी त्याला व्होल्टेज जास्त लागतं. ते वाढवावं तर उष्णता आणखी वाढते. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. माझा हिशेब मांडा: वेग वाढला साडेआठ टक्के, उष्णता सुमारे सत्तावीस टक्के. असा सौदा बकाल्यात कुणी केला असता तर सौ.ने घरात घेतलं नसतं!

मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००५ साली एक किस्सा लिहिला होता. संगणक बंद पडल्याच्या अहवालांत काही ठिकाणी दोष दिसत होता तो एक आकडा शून्य करण्याच्या साध्या आज्ञेवर, जिथे चुकायला जागाच नाही. चौकशी केली तर निघालं ओव्हरक्लॉकिंग. आणि काही जणांना तर दुकानदाराने न सांगताच तसा संगणक विकला होता.

दर वेळी दोष आपलाच असतो असंही नाही. २०२४ मध्ये इंटेलने स्वतःच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतली अस्थिरता मान्य केली. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्यांनी दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा मूळ सेटिंगवरही त्रास होत असेल तर आधी बायोस अद्ययावत करा.

पण माझ्या बाबतीत चूक माझीच. कंपनी वेगात थोडी राखीव जागा ठेवते, ती मी 'फुकट' समजून खाल्ली. २१ जुलै २०१६ ला आपल्या मित्रिबाहला ५३.९ अंश नोंदले गेले, आणि २०२४ च्या जूनमध्ये विजेची मागणी झेपेना म्हणून इथे काही भागांत ठरवून वीज बंद ठेवावी लागली. राखीव म्हणजे काय, ते अशा दिवशी कळतं.

असो. संगणक आता मूळ वेगाने, एसीच्या खोलीत चालतो. जाळी दर शुक्रवारी साफ होते. ते काम माझ्याकडे. गेम्स परत आले आणि मी चिरंजीवांची रीतसर माफी मागितली. कॅसेट नशिबाने बहिणीने टाकल्या नव्हत्या. दिवाळीत सांगलीला जाऊन त्या दोन पुन्हा उतरवल्या, या खेपेस तीन ठिकाणी ठेवल्या आणि प्रत्येक प्रत उघडून ऐकली. एकीत गोष्ट मध्येच थांबवून अण्णा कुणाला तरी म्हणतात, "जरा दमानं घे रे!"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही, नुसता हसला.