जळालें किती, पुरलें किती?

जगांतील टाकाऊ प्लॅस्टिकपैकीं किती जाळलें जातें व किती पुरलें जातें, हा प्रश्न वरवर पाहतां अंकगणिताचा वाटतो. वस्तुतः तो अनुमानाचा आहे. कारण केराच्या ढिगापाशीं तराजू घेऊन बसलेला मनुष्य फारच थोड्या ठिकाणीं आढळतो.

मग हा हिशेब होतो तरी कसा? गेयर, जॅम्बेक व लॉ या तीन संशोधकांनीं २०१७ सालीं तो उलट्या बाजूनें मांडला. कारखान्यांतून निघणाऱ्या मालाची मोजदाद असते. म्हणून त्यांनीं १९५० ते २०१५ पर्यंतचें उत्पादन घेतलें व प्रत्येक प्रकारच्या वस्तूचें सरासरी आयुष्य ठरविलें. वेष्टनाचें आयुष्य वर्षाहूनही कमी, तर इमारतींतील वस्तूंचें सुमारें ३५ वर्षें. त्यावरून कोणत्या वर्षीं किती कचरा झाला असावा, तें निघालें. एकंदर उत्पादन सुमारें ८३० कोटी टन व कचरा ६३० कोटी टन. त्यांपैकीं ९ टक्के पुन्हां उपयोगांत आला, १२ टक्के भट्ट्यांत जळाला आणि ७९ टक्के खड्ड्यांत अथवा उघड्या सृष्टींत सांचला.

हा शेवटचा आंकडा म्हणजे वजाबाकींतील बाकी होय. न्यायशास्त्रांत अशा तर्कास परिशेषानुमान म्हणतात. त्यांत एक धोका असा, कीं जी शक्यता विचारांत घ्यावयाची राहिली, ती मुकाट्यानें बाकींत मिसळून जाते. अंगणांत पेटविलेला केर कोणत्या भट्टीच्या वहींत नोंदला जाणार?

ही उणीव किती मोठी आहे, तें पुढें दिसून आलें. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें २०२० सालीं जगांत सुमारें ५ कोटी २० लाख टन प्लॅस्टिक व्यवस्थेबाहेर निसटलें, व त्यांतील निम्म्याहून अधिक उघड्यावर जाळलें गेलें. त्यांत भारताचा वांटा सर्वांत मोठा, सुमारें ९३ लाख टन! उलट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१९-२० च्या अहवालांत देशाचा सर्व प्लॅस्टिक-कचरा मिळून सुमारें ३५ लाख टनच होता. या तफावतीचें कारण त्या संशोधकांनीं असें दिलें आहे, कीं ग्रामीण भाग, न उचललेला व उघड्यावर जाळलेला कचरा, तसेंच भंगारवाल्यांमार्फत पुन्हां उपयोगांत येणारा माल सरकारी आंकड्यांत येत नाहीं.

धूर दिसला कीं अग्नि आहे असें जाणावें, हा अनुमानाचा पहिला पाठ. येथें धूर सर्वांस दिसतो. अग्नि मात्र हिशेबांत नाहीं. स्नानाचा बंब पेटवितांना घातलेली पिशवी ही त्याच अग्नीची आहुति होय. कांहीं जातींच्या प्लॅस्टिकच्या धुरांत तर डायॉक्सिनासारखीं विषें असतात, आणि त्या बंबापाशींच घरांतील मुलेंबाळें वावरत असतात.

म्हणून सुज्ञ गृहस्थांनीं व गृहिणींनीं एक महिनाभर घरांत आलेलें प्लॅस्टिक मुलांकडून तोलवून घ्यावें. भंगारांत किती गेलें, घंटागाडींत किती गेलें व चुलींत किती गेलें, तें वहींत लिहवावें. निदान एका घरापुरती तरी बाकी अनुमानावर राहणार नाहीं.