सर्व्हरच्या पोटातला दुसरा संगणक

इंग्रजीतलं 'ए' हे अक्षर सलग २९ वेळा पाठवलं की एचपीच्या हजारो सर्व्हरांमध्ये कुणालाही शिरता येत होतं. युजरनेम नको, पासवर्ड नको. २०१७ साली उघड झालेली ही त्रुटी सर्व्हरवरच्या विंडोज किंवा लिनक्समध्ये नव्हती. ती होती 'आयलो ४' नावाच्या भागात. ब्राउझर या भागाशी बोलतो तेव्हा 'कनेक्शन' नावाची एक छोटी नोंद पाठवतो. तिच्यासाठी राखलेली जागा लहान होती आणि आलेला मजकूर त्यात मावतो की नाही, हे तपासलंच जात नव्हतं. जास्तीची अक्षरं शेजारच्या जागेत सांडायची आणि आयलोला वाटायचं की ही विनंती मशीनच्या आतूनच आली आहे. २.५३ या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. ज्यांनी ती आवृत्ती चढवली नाही, त्यांच्याकडे ती तशीच राहिली.

आयलो म्हणजे मदरबोर्डवर बसवलेला एक स्वतंत्र छोटा संगणक. डेलच्या सर्व्हरात त्याला आयड्रॅक म्हणतात, सुपरमायक्रोचे लोक नुसतं आयपीएमआय म्हणतात. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, आयपी पत्ता वेगळा. सर्व्हर बंद केला तरी प्लग लावलेला असेपर्यंत तो जागाच असतो. त्याची गरज खरी आहे. नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, रबाळेच्या डेटा सेंटरांत रात्री दोन वाजता एखादं मशीन अडकलं, तर पुण्यातल्या घरी बसलेल्या ॲडमिनला ते बंद-चालू करता यावं, स्क्रीन पाहता यावी, बायोसमध्ये जाता यावं, दुरूनच सीडी 'घातल्यासारखी' दाखवून नवी सिस्टीम टाकता यावी, यासाठीच तो आहे. पण याचा अर्थ असाही होतो की जो या छोट्या संगणकात शिरला, तो कीबोर्ड घेऊन सर्व्हरसमोर बसल्यासारखाच आहे. वर चालणाऱ्या अँटीव्हायरसला तो दिसत नाही, ऑपरेटिंग सिस्टीमच्या फायरवॉलला तर त्याचा पत्ताही नसतो.

२०१८च्या शेवटी 'जंगलसेक' या खंडणीखोर प्रोग्रामची प्रकरणं समोर आली, तेव्हा हल्ल्याचा मार्ग हाच होता. हल्लेखोर आयपीएमआयमधून आत आले, सर्व्हर रीस्टार्ट केला, लिनक्स सिंगल-युजर मोडमध्ये उघडून रूट झाले आणि फाइली कुलूपबंद केल्या. एका ठिकाणी तर कारखान्यातून आलेला पासवर्डच कायम होता.

हे कारखान्याचे पासवर्ड जगजाहीर आहेत. डेलच्या जुन्या सर्व्हरांवर 'रूट' आणि 'कॅल्विन', सुपरमायक्रोवर दोन्ही रकान्यांत 'ॲडमिन'. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड द्या, किंवा पहिल्याच वेळी तो बदलायला लावा, असं उत्पादकांना सांगितलं. त्याआधीची मशीनं मात्र आजही चालू आहेत.

पासवर्ड बदलला तरी एक प्रश्न उरतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. २००४ साली आलेल्या आयपीएमआय २.० या मानकाची रचनाच अशी आहे की लॉगिन पूर्ण होण्याआधीच, नुसतं खात्याचं नाव सांगितलं तरी, हा छोटा संगणक पासवर्डपासून बनवलेला हॅश समोरच्याला देतो. समोरच्याने तो घरी न्यावा आणि सवडीने फोडत बसावं. सुरक्षा संशोधक डॅन फार्मर यांनी २०१३ मध्ये याकडे जोरात लक्ष वेधलं. चूक मानकातच असल्यामुळे ती कोणत्याही अपडेटने जात नाही. उपाय एवढाच, की 'आयपीएमआय ओव्हर लॅन' गरज नसेल तर बंद करायचं आणि मॅनेजमेंट पोर्ट, म्हणजे या छोट्या संगणकाची नेटवर्क जोडणी, वेगळ्या व्हीलॅनवर, व्हीपीएनच्या मागे ठेवायचा.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण लहान ऑफिसांत ती हमखास निसटते. 'आम्ही त्या पोर्टला केबलच लावलेली नाही' हे उत्तर पुरेसं नाही. सुपरमायक्रोच्या अनेक मदरबोर्डांवर मूळ सेटिंग 'फेलओव्हर' असतं. मॅनेजमेंट पोर्टला केबल सापडली नाही की हा संगणक पहिल्या साध्या लॅन पोर्टवरूनच बोलू लागतो, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या मशीनांना दिसू लागतो. ते सेटिंग बदलून 'डेडिकेटेड' करावं लागतं.

आता बायोस, म्हणजे आजच्या भाषेत यूईएफआय. त्यात दोन पासवर्ड असतात आणि लोक चुकीचा निवडतात. पॉवर-ऑन पासवर्ड लावला तर वीज जाऊन आली की सर्व्हर पासवर्ड मागत थांबून राहतो. शनिवारी रात्री थांबला तर सोमवारपर्यंत. सर्व्हरला हवा तो सेटअपचा, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. तो लावल्यावर बूट ऑर्डरमध्ये फक्त आतली डिस्क ठेवावी, यूएसबी आणि नेटवर्क बूट बंद करावं. एवढं करूनही एफ ११ किंवा एफ १२ने उघडणारा बूट मेनू मोकळा राहिला, तर पेन ड्राइव्ह लावणाऱ्याला काहीच अडथळा नाही. आणि मदरबोर्डवरचा जंपर हलवून बायोसचा पासवर्ड पुसता येतो, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. म्हणून रॅकचं कुलूप, झाकण उघडल्याची नोंद ठेवणारा इंट्रुजन स्विच आणि टीपीएम चिपच्या आधाराने डिस्क एन्क्रिप्शन, हे सगळं त्याच कामाचा भाग आहे.

योग्य सही असलेलंच बूट सॉफ्टवेअर चालू देणारं सिक्युअर बूट चालू ठेवा, हेही आग्रहाने सांगायला हवं. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना 'लोजॅक्स' सापडला. संगणकाच्या फ्लॅश चिपमध्येच लिहून बसणारा, प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलेला तो पहिला ज्ञात यूईएफआय रूटकिट. डिस्क बदलली तरी तो जात नसे. त्यावर योग्य सही नव्हती, म्हणून सिक्युअर बूट त्याला अडवू शकत होतं. २०२३ मध्ये मात्र 'ब्लॅकलोटस' या घातक प्रोग्रामने जुन्या, सही असलेल्या पण सदोष बूट फाइली वापरून सिक्युअर बूटलाही वळसा घातला. रद्द केलेल्या सह्यांची यादी अद्ययावत ठेवावी लागते ती याचसाठी.

फर्मवेअर अपडेट करायला लोक घाबरतात, कारण मध्येच वीज गेली तर मशीन मुकं होण्याची भीती असते. ती भीती समजण्यासारखी आहे. यूपीएसवर, बॅकअप घेऊन, सुट्टीच्या दिवशी करा. पण करा. एएमसीच्या करारात बायोस आणि मॅनेजमेंट कंट्रोलर (म्हणजे हाच छोटा संगणक) यांची नावं लिहून घ्या, नाहीतर देखभालवाला विंडोजचे अपडेट टाकून निघून जाईल. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने एएमआय या कंपनीच्या 'मेगारॅक' या मॅनेजमेंट फर्मवेअरमधली त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या यादीत घातली. लॉगिन टाळून आत शिरता येईल अशीच तीही होती.

सेकंड-हँड सर्व्हर घेणाऱ्या संस्थांनी विशेष जपावं. २०२१च्या अखेरीस इराणच्या अमनपर्दाज या कंपनीने आयलोमध्येच लपलेल्या एका प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. तो सर्व्हरच्या डिस्क पुन्हापुन्हा पुसत असे, आणि ॲडमिनने फर्मवेअर अपडेट केलं की ते गुपचूप अडवून 'अपडेट झालं' असं दाखवत असे. आकडा नव्या आवृत्तीचा दिसायचा, लॉगिनचं पान मात्र जुन्याच रूपाचं असायचं. त्यावरून तो ओळखता यायचा. एचपीने जेन १० सर्व्हरपासून, आयलो ५ मध्ये, फर्मवेअरची सही थेट चिपमधल्या पक्क्या नोंदीशी ताडून पाहण्याची सोय केली. जेन ८ आणि जेन ९ मध्ये ती नाही. असं मशीन घेतलं, तर मॅनेजमेंटची सगळी जुनी खाती काढून टाकावीत, फर्मवेअर उत्पादकाच्या साइटवरूनच उतरवून नव्याने चढवावं, लॉगिनचं पान खरंच नव्या रूपाचं दिसतंय ना हे पाहावं आणि हे होईपर्यंत त्याला ऑफिसच्या नेटवर्कची केबल लावू नये.