लाजेने वाढणारा कर्करोग

पन्नाशीच्या आसपासचे एक शेतकरी गृहस्थ पत्नीला घेऊन तपासणीला आले. नाव, गाव, वय सगळे सांगून झाले, पण आजार काय ते सांगेनात. "लघवीला जरा जळजळ होते," एवढेच म्हणत राहिले. पत्नी बाहेर गेल्यावर मात्र हळू आवाजात बोलले, "डॉक्टरसाहेब, तिथं फोड आलाय. वरीस झालं."

या वर्षभरात त्यांनी काय केले? आधी औषधाच्या दुकानातून मलम आणून लावले. मग एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेली 'गुप्तरोगावर हमखास इलाज' ही जाहिरात वाचून तीन महिने पुड्या घेतल्या. त्यांची पुढची कातडी कधीच नीट मागे सरकत नव्हती. त्यामुळे आत काय वाढते आहे, हे त्यांना स्वतःलाही दिसत नव्हते. तपासले तेव्हा कातडीखाली फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ होती, तिला दुर्गंधी येत होती आणि उजव्या जांघेत अवधाण आले होते. तुकडा काढून तपासल्यावर निदान पक्के झाले. शिश्नाचा कर्करोग.

असे रुग्ण शल्यचिकित्सकांना नवे नाहीत. जगभरात २०२० साली या रोगाचे सुमारे ३६ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे आणि त्यांत भारताचा वाटा मोठा आहे. युरोप-अमेरिकेत हा रोग दुर्मिळ मानला जातो. आपल्याकडे, विशेषतः ग्रामीण भागात, तो तितका दुर्मिळ नाही. पण तोंडाच्या कर्करोगाबद्दल चारचौघांत बोलता येते, याबद्दल घरातही बोलता येत नाही. रोग वाढायला तेवढी सवड पुरते.

हा रोग होतो कशाने, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मात्र गेल्या चाळीस वर्षांत त्या उत्तराचा एक मोठा भाग उलगडला आहे. तो भाग म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणू, ज्याला डॉक्टर मंडळी 'एचपीव्ही' म्हणतात. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हातापायांवर येणारी साधी चामखीळही याच कुळातल्या विषाणूंमुळे येते. ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांनी जननेंद्रियांवर मऊ कोंब येतात. ते त्रासदायक असले तरी सहसा कर्करोगाकडे जात नाहीत. धोका आहे तो मुख्यतः १६ आणि १८ या क्रमांकांचा. हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने १९८३ आणि १९८४ मध्ये हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधून काढले. त्याआधी बहुतेकांचा संशय नागिणीच्या जातीतल्या दुसऱ्याच एका विषाणूवर होता. त्सूर हाउझेन यांचे म्हणणे बरीच वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच या विषाणूमुळे होतो. पुरुषांच्या बाबतीत प्रमाण निराळे आहे. शिश्नाच्या कर्करोगांपैकी साधारण निम्म्यांमध्ये हा विषाणू सापडतो आणि त्यांतही १६ क्रमांकाचा सर्वांत जास्त. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात या कर्करोगाचे दोन गट केले आहेत, विषाणूशी निगडित आणि विषाणूशी संबंध नसलेला.

विषाणू नेमके करतो काय? आपल्या प्रत्येक पेशीत काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी असतात. पेशी बिघडली तर तिची वाढ थांबवायची, दुरुस्ती होत नसेल तर तिला मरू द्यायचे, हे त्यांचे काम. एचपीव्ही-१६ हा ई-६ आणि ई-७ नावाची स्वतःची दोन प्रथिने तयार करून नेमके हे पहारेकरीच निकामी करतो. मग बिघडलेली पेशी वाढतच राहते. पण हे आठवड्याभरात होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत विषाणू हटवून टाकते. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, त्यांच्यापैकी थोड्यांनाच पुढे कर्करोग होतो. एचआयव्हीबाधितांत आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांत ही शक्यता वाढते.

उरलेल्या निम्म्यांचे काय? तिथे दीर्घकाळची सूज आणि जळजळ हे मोठे कारण दिसते. पुढची कातडी घट्ट असली की आत साफसफाई होत नाही, मळ साचतो, वारंवार दाह होतो. तिथे पांढुरके, कडक चट्टे पडण्याचा एक त्वचारोग असतो, त्यानेही धोका वाढतो. आणि तंबाखू. तंबाखू फक्त तोंडाचे आणि फुप्फुसाचे नुकसान करते अशी समजूत आहे, पण या कर्करोगातही तिचा हात आहे. एकाच माणसात घट्ट कातडी, तंबाखू आणि विषाणू ही तिन्ही कारणे एकत्र असू शकतात.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. विषाणूचे नाव ऐकले की पत्नीच्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे सांगायला नको. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या पत्नीने तो स्पष्टच विचारला, "म्हणजे ह्यांनी बाहेर काही केलं का?" याचे प्रामाणिक उत्तर असे, की ते सांगता येत नाही आणि त्यावरून कोणाची चौकशी करण्यात अर्थही नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून, नुसत्या त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतो. निरोधाने धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही. अमेरिका, ब्राझील आणि मेक्सिकोतील अकराशेहून अधिक पुरुषांच्या एका पाहणीत (ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली) जवळजवळ निम्म्या पुरुषांच्या जननेंद्रियांवर एचपीव्ही सापडला होता. बहुतेकांना कसलाच त्रास नव्हता. संसर्ग वीस वर्षांपूर्वीचा आहे की अलीकडचा, नवऱ्याकडून बायकोला आला की उलट, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. शिवाय निम्म्या रुग्णांत विषाणूचा संबंधच नसतो. तेव्हा या निदानावरून संसारात वितुष्ट आणू नये.

पत्नीची तपासणी मात्र जरूर करून घ्यावी. तीही दोष शोधायला नव्हे, तर गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधीच धरता येतो म्हणून. याचा जगाला उपयोगी पडलेला पुरावा आपल्याच मुलखातून आला आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एकदाच एचपीव्हीची तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार झाले, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुरुषांसाठी अशी सर्रास करायची तपासणी नाही. पुरुषाने स्वतः पाहणे हीच त्याची तपासणी.

ते पाहायचे कसे? आंघोळीच्या वेळी कातडी मागे घेऊन पाण्याने स्वच्छ करावे आणि नजर टाकावी. न भरणारी जखम, लालसर मखमली चट्टा, कडक गाठ, चामखिळीसारखी वाढ, रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही तीन-चार आठवड्यांत गेले नाही तर शल्यचिकित्सकाला किंवा मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवावे. सुरुवातीला हे दुखत नाही. 'दुखत नाही म्हणजे साधे असेल' हा समज इथे फार महागात पडतो. मोठेपणी कातडी मागे जात नसेल, किंवा आधी जात होती आणि आता जाईनाशी झाली असेल, तर तेही दाखवण्याचे कारण आहे. लहान मुलांची गोष्ट वेगळी. बाळाची कातडी नैसर्गिकरीत्याच चिकटलेली असते आणि वयानुसार आपोआप सुटते. आंघोळ घालताना ती ओढून मागे करण्याची काही घरांत पद्धत आहे, ती बंद करावी. त्याने चिरा पडतात आणि व्रण धरून कातडी खरोखरच घट्ट होते.

लहानपणी सुंता झालेल्या समाजांत हा कर्करोग फार कमी दिसतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. त्यातला मोठा वाटा घट्ट कातडीचा प्रश्न उरत नाही याचा आहे. युगांडातील चाचणीत प्रौढपणी सुंता केलेल्यांतही एचपीव्हीचा संसर्ग कमी आढळला. म्हणून सर्वांनी ती करून घ्यावी असे नव्हे. पण ज्याची कातडी घट्ट आहे त्याने ही छोटी शस्त्रक्रिया धर्माशी जोडून टाळू नये.

आता लशीबद्दल. एचपीव्हीची लस फक्त मुलींची, असा समज झाला आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून आणि इंग्लंडमध्ये २०१९ पासून शाळकरी मुलांनाही ती दिली जाऊ लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२२ मध्ये भारतात मंजूर झाली, ती ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी. ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर ती काम करते. १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, त्यापुढे तीन. शरीरसंबंध सुरू होण्याआधी घेतली तर फायदा सर्वांत जास्त. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. पैशाची ओढाताण असेल तर आधी मुलीला द्यावी, असे माझे मत आहे, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. ऐपत असेल तर मुलालाही द्यावी.

उपचारांबद्दल लोकांच्या मनात एकच चित्र असते, 'सगळं कापून टाकतात'. तसे नाही. अगदी वरवरचा रोग असेल तर विशिष्ट मलमाने, लेसरने किंवा नुसती कातडी काढून भागते. थोडा खोल असेल तर टोकाचा भाग काढावा लागतो, आणि उरलेल्या भागाने उभ्याने लघवी करता येते, बऱ्याच जणांचे वैवाहिक जीवनही चालू राहते. काही रुग्णांत किरणोपचार करता येतात. जांघेतल्या ग्रंथींपर्यंत रोग गेलेला नसेल तर दहांतले आठ-नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. ग्रंथींपर्यंत गेला की हे प्रमाण झपाट्याने उतरते.

त्या शेतकरी गृहस्थांचा टोकाकडचा भाग आणि दोन्ही जांघांतल्या ग्रंथी काढाव्या लागल्या. उजव्या पायावर सूज राहिली आहे, ते पट्टी बांधून शेतात जातात. पत्नीची तपासणी झाली, ती निर्दोष निघाली. तिसऱ्या फेरतपासणीला ते आले तेव्हा सोबत पंचविशीचा पुतण्या होता, मान खाली घालून बसलेला. या वेळी मात्र काकाच आधी बोलले, "डॉक्टरसाहेब, याचं बी कातडं मागं जात न्हाई. बघा जरा."