लाँगहेअरचा डावा हात

पणजीत दरवर्षी कार्निव्हलचा राजा किंग मोमो याची स्वारी निघते, आणि उपवासपर्वाची तिथी कॅथलिक जगतात बहुतेक सर्वत्र एकच असल्याने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरही त्या पर्वाआधीच्या मंगळवारी ‘मार्दी ग्रा’च्या उत्सवात बेभान होते. त्या दिवसांत तेथे चुकवू म्हटले तरी न चुकणारे गाणे हेन्री रोलंड बर्ड, ऊर्फ प्रोफेसर लाँगहेअर, या पियानोवादकाने 1949 साली प्रथम ध्वनिमुद्रित केले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, रॅम्पार्ट स्ट्रीटवरील कॉझिमो मटासाच्या दुकानामागील ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, फॅट्स डॉमिनोने ‘द फॅट मॅन’ गायिले, आणि रिदम अँड ब्लूजच्या न्यू ऑर्लिन्स घराण्याची बखर बहुधा तेथूनच आरंभिली जाते. डॉमिनोच्या गुणवत्तेविषयी किंवा त्याचा सहकारी डेव्ह बार्थोलोम्यू याच्या कर्तृत्वाविषयी माझी तक्रार नाही. परंतु खपाच्या आकड्यांनाच इतिहास मानण्याची जी वहिवाट पडली आहे, तिच्यापायी लाँगहेअरसारखा मूळपुरुष दप्तरात दुय्यम ठरला, हे मला मुळीच मान्य नाही.

लाँगहेअरचा डावा हात ऐकावा. एरवीच्या बुगी-वुगीत तो समान पावले टाकीत चालतो. येथे मात्र तो आठ मात्रांचे तीन, तीन आणि दोन असे विषम खंड पाडतो. हे वजन क्यूबाचे. हवानाशी न्यू ऑर्लिन्स बंदराची जहाजवाहतूक जुन्या काळापासून होती. उजवा हात त्यावर एकेका मात्रेत तीन-तीन स्वर ओतीत जातो आणि पाय पियानोच्या तळच्या फळीवर लाथा हाणून ठेका धरतो, जी सवय वाद्याच्या मालकास परवडणारी खासच नव्हती. दफनविधीहून परतणाऱ्या बँडमागे नाचत निघणाऱ्या जमावाची, म्हणजे ‘सेकंड लाइन’ची, चाल याच शहराचा ड्रमवादक अर्ल पामर याने आपल्या ड्रमवर आणली, आणि 1955 साली लिटल रिचर्डने मटासाकडे ‘टुटी फ्रुटी’ मुद्रित केले, तेव्हा ड्रमवर हाच पामर होता. रॉक अँड रोलचा वंशवृक्ष मांडणाऱ्यांनी हा तपशील गाळू नये.

एवढे होऊनही साठच्या दशकाअखेर लाँगहेअर एका रेकॉर्डच्या दुकानात झाडलोट करीत होता. न्यू ऑर्लिन्सच्या 1971 च्या संगीतमहोत्सवात त्याला पुन्हा व्यासपीठावर आणले गेले, आणि 1977 साली त्याच्या ‘टिपिटिना’ या गाण्याच्या नावाने एक संगीतगृहही उघडले. मटासाच्या खोलीच्या जागी मात्र पुढे कपडे धुण्याचे दुकान निघाले.

जिज्ञासूंनी डॉमिनोपूर्वी 1953 ची ‘टिपिटिना’ लावावी, आणि पहिल्या खेपेस शब्दांचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडू नये. कित्येकांना तो नाहीच.