खालचा सुळा आलाच नाही? क्वचित होणारी, पण न दुखता लपून राहणारी अडचण

मुलाचे पुढचे दात बदलले, दाढाही आल्या. पण खाली एका बाजूला दुधाचा सुळा अजून घट्ट बसलेला आहे. दुखत नाही, म्हणून घरात कोणी लक्ष देत नाही. बहुतेक वेळा तो उशिरा पडतो आणि नवा सुळा येतो. काही मुलांमध्ये मात्र कायमचा सुळा जबड्याच्या हाडातच अडकलेला असतो.

किती जणांत असे होते?
अडकणाऱ्या दातांत पहिला क्रमांक अक्कलदाढेचा, त्यानंतर वरच्या सुळ्याचा. वरचा सुळा साधारण १ ते ३ टक्के लोकांत अडकतो. खालच्या सुळ्याचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे हजारात पाचपेक्षा कमी आहे. तुर्कस्तानात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,५०० रुग्णांपैकी ३.२९ टक्के जणांत वरचा, तर ०.४४ टक्के जणांत खालचा सुळा अडकलेला आढळला. त्याच देशातील २००७च्या दुसऱ्या अभ्यासात खालच्या सुळ्याचे प्रमाण १.२९ टक्के निघाले.

आकड्यांत एवढा फरक का?
कारण मोजणी कोणाची केली, यावर उत्तर बदलते. असे आकडे बहुधा दातांच्या दवाखान्यात आलेल्यांच्या एक्स-रेवरून काढलेले असतात. तिथे येणाऱ्यांना आधीच काहीतरी तक्रार असते. त्यामुळे ते सगळ्या लोकसंख्येला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सुळा का अडकतो?
- दुधाचा सुळा वेळेवर न पडणे
- जबड्यात जागा अपुरी असणे
- वाटेत गाठ किंवा जादा दात असणे
- दाताचा अंकुरच तिरका असणे

दुखत नसेल तर धोका काय?
अडकलेला दात शेजारच्या दातांची मुळे झिजवू शकतो किंवा त्याच्याभोवती द्रवाची गाठ तयार होऊ शकते. खालच्या सुळ्याची आणखी एक खोड आहे. तो कधी कधी हाडाच्या आतून आडवा सरकत हनुवटीची मध्यरेषा ओलांडतो आणि दुसऱ्या बाजूला पोहोचतो. गंमत म्हणजे त्याची नस मूळ बाजूचीच राहते. म्हणून तो काढताना भूल मूळ बाजूला द्यावी लागते.

पालकांनी कधी सावध व्हावे?
खालचे कायमचे सुळे साधारण ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान येतात. एका बाजूचा सुळा येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा पत्ता नाही, तर दंतवैद्यांना दाखवा. संपूर्ण जबड्याच्या एका एक्स-रेत, म्हणजे ओपीजीमध्ये, दात कुठे आहे ते दिसते. गरज पडल्यास त्रिमितीय स्कॅन करतात.

उपचार काय?
लवकर लक्षात आले, तर दुधाचा सुळा काढून वाट मोकळी करता येते. तेवढ्याने भागले नाही, तर हिरडी उघडून अडकलेल्या दाताला छोटा हुक चिकटवतात आणि तारांच्या साहाय्याने तो हळूहळू ओढून जागेवर आणतात. याला अनेक महिने लागतात. दात फार आडवा असेल किंवा दूर सरकला असेल, तर तो काढावा लागतो. काही वेळा फक्त ठरावीक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवणेही पुरते.

दात सरकण्याआधी सापडला, तर त्याला जागेवर आणण्याची शक्यता जास्त. त्यामुळे दहाव्या वर्षाच्या आसपास एकदा मुलाचे सुळे मोजा: दोन वर, दोन खाली. आणि त्यातले दुधाचे किती, हेही बघा.